बौद्ध कुटुंबे आणि वारसाहक्क



धर्मांतर केल्याने वडिलांच्या मिळकतीवरील हक्क बुडतो, अशी भीती कित्येक भाऊबंद घालतात. ती सर्वस्वी निराधार आहे. १९५६ चा हिंदू वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे. कायद्याचे नाव आपणांस रुचत नाही, हे खरे; पण त्यातील हक्क सोडण्याचे कारण नाही. मृत्युपत्र न करता पुरुष वारल्यास त्याच्या स्वकष्टार्जित मिळकतीत विधवा, आई, प्रत्येक मुलगा व प्रत्येक मुलगी यांचा सारखा वाटा असतो. तेव्हा भगिनींनी हक्कसोडपत्रावर अंगठा उठविण्यापूर्वी ते वाचवून घ्यावे.

मृत्युपत्र साध्या कागदावरही होते. नोंदणी ऐच्छिक आहे, तरी करावी. सही दोन साक्षीदारांसमक्ष करावी व त्यांनीही आपल्यासमोरच सह्या कराव्यात. साक्षीदार वयाने लहान निवडावेत. पुढे न्यायालयात मृत्युपत्र शाबीत करण्यास त्यांचीच साक्ष लागते.