दुसरी सही आणि अर्धा वाटा

(ग्रामीण महिला मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडपात अक्षता पडल्या की लग्न लागले, असे सारा गाव मानतो. गोव्यातील कायदा मात्र आणखी एक प्रश्न विचारतो : सिव्हिल रजिस्ट्रारच्या कार्यालयात वधूवरांची दुसरी सही झाली आहे काय? पहिली सही म्हणजे विवाहाच्या इराद्याचे निवेदन. त्यानंतर हरकतींसाठी मुदत दिली जाते. ती संपल्यावर साक्षीदारांसमक्ष दुसरी सही होते, तेव्हाच कायद्याच्या दृष्टीने विवाह पूर्ण होतो. पहिल्या सहीवरच थांबलेल्या जोडप्यात पुढे वाद उद्भवला, तर पत्नीपणाचा पुरावा देताना स्त्रीची फार कुचंबणा होते.

या व्यवस्थेचे मूळ 1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेत आणि 1910 च्या विवाह व घटस्फोटविषयक कायद्यांत आहे. 1961 साली गोवा मुक्त झाला, तरी 1962 च्या प्रशासन कायद्याने हे कायदे चालू ठेवले. वारसा व दाम्पत्याच्या मालमत्तेविषयीच्या तरतुदी पुढे गोवा विधानसभेच्या 2012 च्या कायद्यात आल्या आणि तो कायदा 2016 मध्ये अमलात आला.

या कायद्याचा गाभा स्त्रियांनी नीट समजून घ्यावा. विवाहापूर्वी नोटरीसमोर वेगळा करार केला नसेल, तर काही अपवाद वगळता पतिपत्नींची मालमत्ता सामाईक होते व प्रत्येकाचा त्यात अर्धा वाटा असतो. समजा, घर पतीच्या कमाईतून उभे राहिले आणि एक-चौदाच्या उताऱ्यावर त्याचेच नाव लागले. तेवढ्याने पत्नीचा वाटा नाहीसा होत नाही. अशी स्थावर मिळकत विकताना दोघांची संमती लागते. घटस्फोट झाल्यास तिची वाटणी होते. म्हणून कोणत्याही कागदावर तो वाचून घेतल्याशिवाय सही करू नये.

परंतु मालमत्तेच्या वाटणीस वेळ लागतो आणि चूल तर रोज पेटवावी लागते. त्यासाठी पोटगीची तरतूद आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 125 सर्वांना ऐकून ठाऊक होते. 1 जुलै 2024 पासून त्याची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 ने घेतली आहे. स्वतःचे पोषण करू न शकणारी पत्नी, पुनर्विवाह न केलेली घटस्फोटिता, अज्ञान मुले आणि वृद्ध आईवडील यांना या कलमान्वये अर्ज करता येतो. आईबापांच्या विवाहाविषयी वाद असला तरी मुलांचा हक्क बुडत नाही. औरस-अनौरस असा भेद हे कलम करीत नाही. पत्नीला ती राहते त्या ठिकाणीही अर्ज करता येतो. पूर्वीची दरमहा पाचशे रुपयांची मर्यादा 2001 साली काढून टाकण्यात आली. अंतरिम पोटगीच्या अर्जाचा निर्णय, शक्यतो, प्रतिपक्षास नोटीस मिळाल्यापासून साठ दिवसांत व्हावा, असे कायदा सांगतो. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी आणि दोन्ही पक्षांनी आपल्या उत्पन्नाचे व मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र दाखल करावे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली स्पष्ट केले.

आदेश होऊनही रक्कम न मिळाल्यास वसुलीचे वॉरंट निघू शकते. त्यानंतरही थकलेल्या प्रत्येक महिन्याबद्दल एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. मात्र कैद भोगल्याने थकबाकी फिटत नाही. वॉरंटसाठीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. येथे संकोच किंवा दिरंगाई महागात पडते.

वकिलाच्या खर्चाची भीती बाळगण्याचे कारण नाही. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रिया व मुले यांना, उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेविषयक साहाय्य मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे किंवा जिल्हा प्राधिकरणाकडे अर्ज करावा.

पंच, शिक्षक आणि अंगणवाडी सेविका यांच्या शब्दाला गावात मान असतो. लग्नाचे आमंत्रण आले की त्यांनी आहेराबरोबर एक प्रश्नही न्यावा : दुसरी सही झाली ना? हा प्रश्न वेळीच विचारला गेला, तर एखाद्या मुलीचा अर्धा वाटा सुरक्षित राहील.