हिवाळ्यातले धबधबे

धबधबा बघायचा तो श्रावण-भाद्रपदात, हा आपल्याकडचा रिवाज. पैनगंगेला पाणी आलं की नांदेड, भोकर, हिमायतनगर, उमरखेड अशा चहूबाजूंनी जीपा भरून माणसं सहस्रकुंडला निघतात. दिवाळी सरली की मात्र तिकडं फारसं कुणी फिरकत नाही. त्यामुळे ऐन कडाक्याच्या थंडीत लेकराबाळांना घेऊन धबधबा बघायला जाणारी माणसं जगात आहेत, आणि तो थिजलाय म्हणूनच ती जातात, हे मला कुणी सांगितलं असतं तर मी हसण्यावारी नेलं असतं.

२०१९ च्या जानेवारीत आम्ही दोघं मुलीकडे, अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरात होतो. विष्णुपुरीत पारा दहाच्या खाली उतरला की आम्ही शेकोटी पेटवणारी माणसं. निघताना वजिराबादेतून दोन माकडटोप्या घेतल्या होत्या आणि त्यांच्या भरवशावर अमेरिकेचा हिवाळा काढू असं सौभाग्यवतींचं ठाम मत होतं. त्या महिन्याच्या अखेरीस त्या शहरात पारा उणे तेहेतीसपर्यंत गेला. शाळांना सुट्या दिल्या. आपल्याकडे उन्हापायी सकाळच्या शाळा होतात, तिकडे थंडीपायी शाळाच बंद! माकडटोपीच्या वर आणखी दोन टोप्या चढल्या, एवढंच सांगतो.

त्या आधीच्या एका रविवारी जावई म्हणाले, "बाबा, चला, आज धबधबा दाखवतो." मला वाटलं, लांबचा प्रवास असेल. पण गाडी शहरातल्याच एका बागेपाशी थांबली. मिनेहाहा नावाचा ओढा भर वस्तीतून वाहत येतो, त्रेपन्न फूट उंचीवरून खाली पडतो आणि थोडं पुढे जाऊन मिसिसिपी नदीला मिळतो. पडतो म्हणजे एरवी पडतो. आम्ही गेलो तेव्हा कड्यावरून खालपर्यंत बर्फाचे खांबच्या खांब उभे होते. एखाद्या जुन्या वडाच्या पारंब्या जमिनीला टेकून त्यांचीच खोडं व्हावीत, तसे. काही पांढरे, काही निळसर, एका कडेचे तर चक्क चहाच्या रंगाचे. आवाज नाही. धबधब्यापाशी उभं राहून शेजारच्याचं बोलणं स्पष्ट ऐकू येतं, याचंच आधी नवल वाटलं.

एवढं वाहतं पाणी गोठतं कसं? मी भूगोल शिकवण्यात हयात घालवली, पण डोळ्यांनी बघितल्यावरच ते नीट उमगलं. धबधबा एकदम, एका रात्रीत गोठत नाही. आधी कडेचे तुषार दगडावर बसतात आणि तिथंच थिजतात. त्यावर पुढचे तुषार. वरून बर्फाच्या सुया खाली वाढत जातात, खालून बर्फाचा ढीग वर चढतो, आणि केव्हातरी दोन्ही एकमेकांना भेटतात. मधली धार बारीक होत जाते, पण बऱ्याचदा आत, बर्फाच्या नळीतून, ती वाहतच असते. कान लावला तर खळखळ ऐकू येते म्हणतात. दाट, बिनबुडबुड्याचा बर्फ प्रकाशातला तांबडा रंग शोषून घेतो, म्हणून निळा दिसतो. तो चहाचा रंग मात्र मातीतून, पाल्यापाचोळ्यातून झिरपून आलेल्या पाण्याचा.

या धबधब्याला आणखी एक गंमत आहे. वरचा खडक कठीण चुनखडीचा आणि त्याखाली मऊ वालुकाश्म. पाण्यानं खालचा मऊ दगड कोरून काढला आणि वरचा तसाच पुढे लटकत राहिला. त्यामुळे धारेच्या मागे एक पोकळी तयार झाली आहे. हिवाळ्यात बर्फाचा पडदा पुढे आला की त्या पोकळीत उभं राहून निळा उजेड बघता येतो. आपल्या सहस्रकुंडचा खडक काळा, लाव्हारसाचा, टणक. त्याची जात वेगळी.

खाली उतरायचा जिना हिवाळ्यात बंद असतो. कुंपण आहे, फाटक आहे, धोक्याची पाटी आहे. तरी माणसं कुंपण ओलांडून खाली जात होती, मुलांना हात देऊन उतरवत होती. दहा वर्षांचा नातू हट्टाला पेटला. "आजोबा, सगळेच जातात!" जावयांनी माझ्याकडे बघितलं, मी सौभाग्यवतींकडे. त्यांना इंग्रजी पाटी वाचता येत नाही, पण वरून लटकणारे सुळे त्यांना दिसत होते. त्या एवढंच म्हणाल्या, "घरी चल, काय बघायचं ते मोबाइलवर बघ." विषय संपला. सहस्रकुंडला शाळेच्या सहली नेताना शेवाळलेल्या खडकावर पुढं पुढं सरकणारी पोरं मी दंडाला धरून मागं ओढलेली आहेत. पाणी वाहतं असो की थिजलेलं, कड्याची ओढ सगळीकडे सारखीच. आम्ही वरच्या कठड्यावरूनच बघितलं, आणि मला तरी काही कमी पडलं नाही.

मिनेहाहा या नावाचा अर्थ तिथं बहुतेक जण "हसणारं पाणी" असा सांगतात. तिथल्या मूळच्या डकोटा लोकांच्या भाषेत 'म्नी' म्हणजे पाणी आणि पुढच्या शब्दाचा अर्थ निव्वळ धबधबा. हसणं नंतर चिकटलं. लाँगफेलो या कवीनं १८५५ साली हियावाथाचं दीर्घकाव्य लिहिलं, त्यातल्या नायिकेला हे नाव दिलं आणि धबधबा जगभर गाजला. कवीमहाशय मात्र तिथं कधी गेलेच नव्हते, त्यांनी फक्त छायाचित्र पाहिलं होतं.

पण मला सगळ्यांत मनाला लागली ती पुढची हकीगत. १९६४ च्या जूनमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन हा धबधबा बघायला यायचे होते. नेमका दुष्काळ, ओढ्याला पाणी नाही. मग नगरपालिकेनं काय करावं? वरच्या अंगाला, पाहुण्यांच्या नजरेआड, आगीचे बंब भरायचे नळ उघडून दिले. धबधबा सुरू! अध्यक्ष आले, बघितलं, फोटो निघाले. मंत्र्यांच्या दौऱ्याआधी रातोरात बुजणारे खड्डे आपल्याला ठाऊक आहेत, तेव्हा हे ऐकून परकं काही वाटलं नाही.

एरवीही त्या धबधब्याचं पाणी माणसाच्याच हातात आहे. ओढा निघतो मिनेटोंका नावाच्या मोठ्या तलावातून आणि त्याच्या तोंडाशी बंधारा आहे. तलावाची पातळी उतरली की दरवाजे बंद. २०२२ च्या दुष्काळात असंच झालं आणि धबधबा कोरडा पडला. म्हणजे थंडी कितीही पडो, शरदात ओढ्याला पाणी नसेल तर बर्फाचे ते खांब तरी कुठून उभे राहणार?

विष्णुपुरीत राहणाऱ्या माणसाला दरवाज्यांची भाषा शिकवावी लागत नाही. किती दरवाजे उघडले, किती क्युसेकचा विसर्ग, हे आमच्याकडे पावसाळ्यात चहाच्या टपरीवर बोललं जातं. तेव्हा नायगाराची गोष्ट तुम्हाला क्युसेकमध्येच सांगतो. १८४८ च्या मार्चअखेरीस ईरी सरोवरातला बर्फ नदीच्या मुखाशी अडकला आणि नायगारा एक दिवसाहून जास्त काळ जवळजवळ आटला होता. ते निसर्गानं केलं. पुढे वीजनिर्मितीसाठी माणसानंच पाणी वळवायला सुरुवात केली. शेवटी १९५० साली अमेरिका आणि कॅनडा यांनी करार केला, की पर्यटनाच्या हंगामात दिवसा किमान १ लाख क्युसेक आणि एरवी किमान ५० हजार क्युसेक पाणी धबधब्यावरून पडलंच पाहिजे, उरलेलं विजेला. गोदावरीत १ लाख क्युसेक म्हटलं तर आपल्या नदीकाठच्या वस्त्यांना इशारे जातात, त्यावरून अंदाज करा. पण आकड्यापेक्षा मला महत्त्वाचं वाटलं ते हे, की दोन देशांनी धबधब्याचा वाटा कागदावर लिहून दिला.

आपल्या सहस्रकुंडचा वाटा कुठं लिहिलाय? वर इसापूरला पैनगंगेवर धरण आहे. त्याच्या कालव्यांवर हिंगोली, नांदेड, यवतमाळ जिल्ह्यांतली शेती उभी आहे. रब्बीला पाणी कालव्यात जातं आणि खालचं पात्र बारीक होत जातं. उन्हाळ्यात तर नदीकाठच्या गावांना जनावरांच्या पाण्यासाठी, स्वतःच्या पिण्यासाठी, नदीत पाणी सोडा म्हणून अर्ज-विनंत्या कराव्या लागतात. शिवारात गहू-हरभरा उभा असताना निव्वळ बघ्यांसाठी धबधबा सोडा, असं मी म्हणणार नाही; कुणी म्हटलं तर पहिला विरोध माझा. पण गावांच्या हक्काचं पाणी नदीतूनच जायचं असतं ना? ते मोर्चे निघाल्यावर सोडण्याऐवजी वर्षाच्या सुरुवातीलाच त्याचं प्रमाण आणि तारखा ठरल्या, जाहीर झाल्या, तर काठावरच्या माणसाला हिशेब कळेल. त्याच पाण्यानं चार दिवस कड्यावरून धार पडेल, ती फुकटात.

आणि पाणी उतरल्यावर सहस्रकुंड बघण्यासारखं नसतं, हाही एक गैरसमजच आहे. पावसाळ्यात गढूळ लोट एकसंध कोसळतो, त्यात हजार धारा कुठल्या? मार्गशीर्षात पाणी निवळतं, धारा सुट्या होतात, त्यांच्यामधला काळाकुळकुळीत खडक उघडा पडतो. परशुरामाच्या बाणानं इथं नदी सहस्र धारांत फुटली, ही कथा ज्यांनी रचली त्यांनी ती याच दिवसांत बघितली असावी, असं मला आपलं वाटतं. नांदेडहून अंतर साधारण शंभर किलोमीटर. मुदखेड-आदिलाबाद रेल्वेमार्गावर सहस्रकुंड नावाचं स्टेशनच आहे. अलीकडचा काठ किनवट तालुक्यात, इस्लापूरजवळ. पलीकडं उमरखेड तालुका, म्हणजे विदर्भ. ऊन पाठीवर घेत बसायला डिसेंबर उत्तम. जाताना भाकरी आणि ठेचा बांधून न्या, आणि खडकावर पाय मात्र कोरडी जागा बघूनच टाका.