घरच्या संघाची हुर्यो

1 एप्रिल 2024. वानखेडेवर नाणेफेकीलाच मुंबई इंडियन्सचा कर्णधार हार्दिक पंड्याची हुर्यो उडवली गेली, तीही मुंबईच्याच पाठीराख्यांकडून. शेवटी संजय मांजरेकरांनी प्रेक्षकांना नीट वागायला सांगितले. हार्दिक आपल्या बडोद्याचा, किरण मोरे यांच्या अकादमीत घडलेला. पाणीगेटात बसून ते पाहणे मला जड गेले. रोहित शर्माला कर्णधारपदावरून काढले संघचालकांनी, बोलणी खाल्ली खेळाडूने! 29 जूनला विश्वचषकाच्या अंतिम सामन्याचे शेवटचे षटक त्यानेच टाकले. 4 जुलैला तेच वानखेडे त्याच्या नावाने दुमदुमले. घरच्यांना रागावण्याचा हक्क आहेच. आळसाने खेळले तर जरूर रागवा. पण पहिला चेंडू पडण्याआधी नको, आणि दुसऱ्याच्या निर्णयासाठी तर मुळीच नको.