नवं कोरं जुनं शहर

युरोपातल्या राजधान्यांवर बोलायचं म्हटलं की पॅरिस, रोम, व्हिएन्ना ही नावं आधी येतात. मी आज पोलंडच्या वॉर्साबद्दल बोलणार आहे. आपल्या सहल कंपन्यांच्या ‘युरोप दर्शना’त हे शहर फारसं सापडत नाही. सापडलंच, तर जेवणापुरतं.

तिथल्या जुन्या गावाचा चौक पाहिला की माणूस हमखास फसतो. पिवळसर, विटकरी, हिरवट घरं, दर्शनी भिंतींवर चितारकाम, मधोमध ढाल-तलवार घेतलेली जलपरी. तीनचारशे वर्षं मागे आलो, असं वाटतं. प्रत्यक्षात हा चौक लोकांना खुला झाला तो जुलै १९५३ मध्ये. पुढच्या रांगेतल्या काही मंडळींपेक्षा तो वयानं लहान आहे.

१ ऑगस्ट १९४४ ला पोलिश भूमिगत सेनेनं जर्मनांविरुद्ध उठाव केला. शहर ६३ दिवस झुंजलं आणि हरलं. खरा विध्वंस त्यानंतरचा. लोकांना बाहेर काढून जर्मन पथकांनी रिकामं शहर रस्त्यामागून रस्ता जाळलं, सुरुंग लावून उडवलं. जुन्या मध्यवस्तीतला ८५ टक्क्यांहून अधिक भाग जमीनदोस्त झाला.

मग पुन्हा बांधलं कशाच्या आधारावर? एक आधार होता मोजणीच्या नकाशांचा. वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांनी आणि प्राध्यापकांनी युद्धाआधी घरांची मापं घेतली होती. ते कागद बाहेर काढून एका मठात लपवले गेले. दुसरा आधार चित्रांचा. अठराव्या शतकात बेर्नार्दो बेलोत्तो नावाचा इटालियन चित्रकार पोलंडच्या शेवटच्या राजाच्या पदरी होता. त्यानं वॉर्साचे रस्ते, वाडे, चर्चं बारकाव्यानिशी रंगवली. दोनशे वर्षांनी गवंडी ती चित्रं प्रमाण मानून काम करत होते. पण बेलोत्तो कलावंत होता, भूमापक नव्हे. चित्र देखणं व्हावं म्हणून तो कुठे कुठे आपल्या मनाचं घालायचा, आणि त्यातलं काही आज चुन्या-विटांत उभं आहे! राजवाडा तर १९७१ नंतर लोकवर्गणीतून बांधला. आता ती चित्रं त्याच राजवाड्यात टांगलेली आहेत.

दुसरी एक गोष्ट मार्गदर्शक सहसा सांगत नाहीत. १९३९ सालचं जुनं गाव ही गरिबांची दाटीवाटीची वस्ती होती. बांधणाऱ्यांनी ती जशीच्या तशी उभी केली नाही. मागच्या कोंदट इमारती गाळल्या, चौकात उजेड आणला, दर्शनी भाग जुन्या वळणाचा ठेवला आणि आत नव्या सदनिका काढल्या. म्हणजे जे होतं ते नव्हे, जे असायला हवं होतं असं वाटलं ते बांधलं. युनेस्कोनं १९८० मध्ये या जागेला जागतिक वारसा ठरवलं, ते पुनर्बांधणीच्या या कर्तबगारीसाठीच. याला नक्कल म्हणून नाक मुरडणाऱ्यांशी माझं जमत नाही.

पण तिथेच थांबून आइस्क्रीम खाऊन परतू नका. पश्चिमेकडे चालत निघा. वाटेत माँटे कॅसिनोच्या लढाईच्या स्मारकाजवळ कोल्हापूरचं नाव कोरलेलं एक स्मारक लागेल. सोव्हिएत रशियात हद्दपार झालेली आणि इराणमार्गे आलेली सुमारे पाच हजार पोलिश माणसं, बहुतेक बायका-मुलं, १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या वळीवड्याला राहिली होती. त्याची ही आठवण.

पुढे मुरानुव नावाची वसाहत येते. साधी, तीनचार मजली घरं. मात्र कित्येक इमारती रस्त्यापेक्षा उंचावर आहेत, पायऱ्या चढून जावं लागतं. ती टेकाडं नैसर्गिक नाहीत. इथे नाझींनी चार लाखांहून अधिक ज्यूंना भिंतीआड कोंडलं, त्यातल्या बहुतेकांना त्रेब्लिंकाच्या छावणीत नेऊन मारलं आणि १९४३ मधल्या त्यांच्या उठावानंतर सगळा भाग जाळून पाडला. एवढा ढिगारा उपसणार कोण? बोहदान लाखर्ट या वास्तुरचनाकारानं त्याच ढिगाऱ्यावर, त्याच विटांचा चुरा सिमेंटमध्ये मिसळून वसाहत उभारली. इथल्या गल्ल्या पूर्वीसारख्या बांधायला कुणी चित्रं शोधली नाहीत. ज्यांनी आग्रह धरला असता, ती माणसंच उरली नव्हती. काही ठिकाणी फुटपाथवर भिंतीची रेघ धातूच्या पट्टीनं दाखवली आहे. पायाखाली बघत चाललात तर दिसेल.

वॉर्साची पुनर्बांधणी अजून संपलेली नाही. पिउसुद्स्की चौकात साक्सन राजवाड्याच्या फक्त तीन कमानी शिल्लक आहेत, त्यांच्याखाली अज्ञात सैनिकाची समाधी. बाकीचा वाडा १९४४ च्या डिसेंबरात जर्मनांनी उडवला. तो पुन्हा बांधायचा कायदा २०२१ मध्ये झाला आणि वाद पेटला. काहींना वाडा हवा आहे, काहींना कमानीच तशा राहायला हव्या आहेत. मला विचाराल तर मी कमानींच्या बाजूचा. जुन्या गावात माणसांना राहायला घरं हवी होती, इथे कुणाचं काही अडलेलं नाही. तेव्हा जायचं असेल तर वाडा उभा राहायच्या आत जाऊन या.