तिखट मिरची आणि ढोबळी मिरची

भाजी घेऊन झाल्यावर कोथिंबिरीच्या दोन काड्या आणि चार हिरव्या मिरच्या वर मागून घ्यावयाच्या, ही आपल्या मंडईंतली जुनी रीत अद्याप अगदींच मोडलेली नाहीं. जी वस्तु अशी वर मिळते ती घरीं पिकविण्याचे श्रम कोणीं कां घ्यावे, असें एखाद्यास वाटेल. तरी पिंपरीपासून चाकणपर्यंत पसरलेल्या वसाहतींतून संध्याकाळीं हिंडणाऱ्यास सज्जासज्जांत तुळशीच्या शेजारीं मिरचीचें झाड हटकून दिसतें. १९६० नंतर या भागांत कारखान्यांची दाटी होऊं लागली, १९८२ सालीं पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली, पुढें चाकणच्या शेतांतहि मोटारींचे कारखाने उभे राहिले. आणि मराठवाडा, खानदेश, विदर्भ येथून पोटामागें आलेलीं कुटुंबें येथलींच होऊन गेलीं. त्यांच्यापैकीं पुष्कळांच्या कुंडींतील मिरची गांवाकडच्या बियांची असते. कोणाची लवंगी, कोणाची भिवापुरी. ठेच्याला तीच हवी असा घरच्या वडीलधाऱ्या बाईचा आग्रह असतो. अलीकडे त्याच सज्जांत ढोबळी मिरचीची कुंडीहि येऊन बसली आहे. या दोघींचा शेजार दिसतो तितका निरुपद्रवी नाहीं, आणि त्याचाच विचार येथें विशेषेंकरून करावयाचा आहे.

वस्तुतः या दोघी सख्ख्या बहिणी. वनस्पतिशास्त्रांत दोघींचेंहि नांव कॅप्सिकम ॲन्युअम. मूळ माहेर मेक्सिको. कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीनंतर हें फळ युरोपांत पोंचलें आणि पोर्तुगीजांच्या जहाजांतून आपल्या किनाऱ्यास लागलें. तोंवर आपल्याकडे तिखट म्हणजे मिरें. नव्या फळास त्याच्याच नांवावरून नांव मिळालें. तिखटपणा ज्या द्रव्यामुळें येतो त्यास कॅप्सेसिन म्हणतात. फळाच्या आंत ज्या पांढऱ्या गाभ्याला बिया चिकटलेल्या असतात, त्या गाभ्यांत तें तयार होतें. बिया झटकल्या कीं मिरची सौम्य झाली, ही स्वयंपाकघरांतील समजूत म्हणून अर्धीच खरी आहे. गाभा राहिला तर तिखटहि राहिलें. ढोबळी मिरचींत हें द्रव्य तयार करण्याची आनुवंशिक शक्ति नाहींशी झालेली असते, म्हणूनच ती गोड. पक्ष्यांना मात्र या तिखटाची बाधा होत नाहीं. सज्जाच्या कठड्यावर येणारा बुलबुल पिकलेली लवंगी निवांतपणें खाऊन जातो तें त्याचें धाडस नव्हे.

बहिणी खऱ्या, पण स्वभाव निराळे. तिखट मिरची सोशीक आहे. मृगाच्या सुमारास लावली तरी पावसांत तग धरते, मात्र कुंडींत पाणी सांचूं देऊं नये. ढोबळी नाजूक. दिवसाचें उष्णमान ३२ अंशांच्या वर आणि रात्रीचें २४ अंशांच्या वर राहूं लागलें, कीं तिचीं फुलें फळ न धरतां गळून पडतात. तेव्हां फेब्रुवारींत हौसेनें रोप आणून एप्रिलांत फळाची वाट पाहणाऱ्यांनीं खताला दोष देऊं नये. ढोबळीचें बीं ऑगस्टच्या अखेरीस पेरावें, म्हणजे ऑक्टोबरच्या आरंभीं रोप लावतां येतें आणि थंडींत फळें मिळतात. मावळ व खेड तालुक्यांतले शेतकरी ती हरितगृहांत घेतात. सज्जांत हरितगृह नसतें. तेथें ऋतूचाच आधार घ्यावा लागतो.

बीं अर्धा सेंटिमीटर खोल पेरावें. तिखटाचें आठ-दहा दिवसांत उगवतें, ढोबळीचें कधीं दोन आठवडेहि घेतें. पांच-सहा आठवड्यांचें रोप सायंकाळीं लावावें. कुंडीचें तोंड निदान ३० सेंटिमीटर असावें, आणि मातींत तिच्या तिसऱ्या हिश्श्याइतकें पुरें कुजलेलें शेणखत किंवा गांडूळखत मिसळावें. ज्या कुंडींत पूर्वीं टोमॅटो किंवा वांगें होतें तिच्यांतील माती बदलावी, कारण हीं सर्व एकाच कुळांतलीं असून त्यांचे रोगहि सामाईक आहेत.

कुंडीविषयीं एक गोष्ट स्पष्टपणें सांगितली पाहिजे. कारखान्यांतून निघालेलीं निळीं प्लॅस्टिकचीं पिंपें भंगारांत स्वस्त मिळतात, आणि तीं कापून कुंड्या करण्याची हौस या भागांत फार आहे. पिंपांत पूर्वीं काय भरलेलें होतें, हें विकणाऱ्यासहि पुष्कळदां ठाऊक नसतें. कांहीं रसायनें प्लॅस्टिकमध्यें मुरतात व नुसत्या धुण्यानें जात नाहींत. अशा पिंपांत जास्वंद लावावी. पोटांत जाणारें फळ लावूं नये. कारखान्याच्या कुंपणालगतची किंवा बांधकामावरील सिमेंट-चुना मिसळलेली मातीहि तशीच वर्ज्य. चार पैसे वांचविण्याची ही जागा नव्हे.

पाण्याची कथा निराळी. पवनेच्या पाण्यावर अवलंबून असलेल्या पिंपरी-चिंचवड शहरांत २०१९ च्या नोव्हेंबरपासून एक दिवसाआड पाणी देण्यास आरंभ झाला. नळ आला त्या दिवशीं कुंडी बुडवावयाची आणि दुसऱ्या दिवशीं ती कोरडी पडूं द्यावयाची, असा क्रम एकदां पडला कीं ढोबळीच्या खालच्या टोंकास काळा, खोलगट डाग पडतो. तो किडीचा नव्हे. पाण्यांतून फळास मिळावयाचा कॅल्शियमचा पुरवठा अधूनमधून तुटतो, त्याचा तो परिणाम. आलेलें पाणी सांठवून रोज थोडथोडें द्यावें व मातीवर वाळलेल्या पानांचा थर पसरावा.

पानें वाटीसारखीं वर वळलीं तर बहुधा फुलकिडे, खालीं मुडपलीं तर कोळी. निंबोळीची भरड लिटराला ५० ग्रॅम या प्रमाणांत रात्रभर भिजवून गाळावी व सायंकाळीं पानांच्या खालच्या अंगास फवारावी. बोकड्या रोगानें जें झाड पुरतें चुरडलें तें उपटून टाकावें. त्याची दया केल्यास शेजारचीं झाडेंहि जातात.

आतां तोडणी. घरच्या बागेंत सर्वांत अधिक नुकसान होतें तें फळ न तोडल्यानें. पहिली मिरची लागली कीं ती मुलांना दाखवावयाची, पाहुण्यांना दाखवावयाची, लाल होईपर्यंत ठेवावयाची! फळ पिकूं लागलें म्हणजे झाड आपली शक्ति बियांकडे वळवितें आणि नवीं फुलें धरण्याचें कमी करतें. म्हणून पहिल्या फळांचा मोह सोडून तीं हिरवींच काढावीं, आणि पुढें दर आठ-दहा दिवसांनीं तोडणी चालूं ठेवावी. तिखट मिरची देंठासह खुडावी. ढोबळीची फांदी ठिसूळ असल्यानें तिला कात्री लावावी, ओढूं नये. लाल किंवा पिवळी ढोबळी ही हिरवीचीच पुढची अवस्था होय. झाडावर तिला आणखी दोन-तीन आठवडे राखावें लागतें, आणि तीं महाग असण्याचें हें एक कारण आहे. पिकलेल्या फळांत गोडी वाढते, क जीवनसत्त्वहि वाढतें. हंगेरींतील शास्त्रज्ञ सेंट-जॉर्जी यांनीं हें जीवनसत्त्व विपुल प्रमाणांत मिळविलें तें सेगेद गांवच्या लाल मिरच्यांतूनच. १९३७ सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें. तेव्हां हंगामाच्या शेवटच्या फळांना लाल होऊं देण्यास हरकत नाहीं.

आणि बियांसाठीं तर पिकलेलेंच फळ हवें. येथेंच शेजाराचा प्रश्न उभा राहतो. मिरचीचें फूल बहुतेक आपल्याच परागानें फळतें, पण मधमाशी एका कुंडीवरून दुसरीवर जाते. लवंगीचा पराग ढोबळीच्या फुलावर पडला तरी त्या वर्षींचें फळ गोडच राहतें. कारण गर आणि गाभा आईचा असतो. बीं मात्र दोघांचें. तिखटपणाचा गुण प्रबळ असल्यामुळें त्या बियांचीं झाडें पुढल्या वर्षीं तिखट निघतात, आणि भरल्या ढोबळीच्या भाजीला बसलेल्या मुलांच्या डोळ्यांतून पाणी येतें. हें हंसण्यावारी नेतां येईल. उलट बाजूचें नुकसान भरून येत नाहीं. गांवाकडच्या मिरचीवर ढोबळीचा पराग पडला, तर तिची संतति तिखट असूनहि आकारानें व चवीनें बिघडते, आणि तिच्याहि पुढच्या पिढींत कांहीं झाडें अगदीं गोडीं निघतात. सासूनें ओटींत घालून दिलेलें वाण असें दोन-तीन वर्षांत नांवापुरतें उरतें.

उपाय सोपा आहे. बियांसाठीं निवडलेल्या निरोगी झाडावर चार-पांच कळ्या उमलण्यापूर्वींच मलमलीच्या पिशवींत बांधाव्या, फुलें उमललीं कीं फांदी रोज सकाळीं हलकेंच हलवावी, व फळ धरल्यावर पिशवी काढून देंठास रंगीत दोरा बांधावा. दोऱ्याचें फळ कोणींहि तोडूं नये, अशी घरांत ताकीद असावी. बाजारी संकरित ढोबळीचें बीं धरण्यांत अर्थ नाहीं. कॅलिफोर्निया वंडर किंवा अर्का मोहिनी यांसारखा सरळ वाण लावला असेल तरच धरावें. फळ पुरतें लाल होऊन सुरकुतूं लागलें म्हणजे बीं काढून सावलींत वाळवावें, कागदाच्या पुडींत घालून घट्ट झांकणाच्या बरणींत ठेवावें, आणि पुडीवर वाणाचें नांव, मूळ गांव व साल लिहावें. असें बीं दोन-तीन वर्षें चांगलें उगवतें.