माऊली म्हटले की हिशेब संपतो



वणी परिसरातल्या, कोळशाच्या आणि चुनखडीच्या या राजूर गावात साहित्याचे संमेलन भरते आहे. अध्यक्षाने साहित्याच्या सद्यस्थितीवर बोलावे अशी रीत आहे. ती थोडी मोडून मी एकाच प्रश्नावर बोलणार आहे. ज्या बाईने आयुष्यभर मुले वाढवली आणि आयुष्यभर आजाऱ्यांची शुश्रूषाही केली, तिची आठवण आपण मराठीत कशी ठेवतो? माझे म्हणणे असे की आपण तिला चटकन माऊली म्हणतो, तिच्यापुढे हात जोडतो आणि तिने नेमके काय केले हे विचारायचे सोडून देतो. आईपणाच्या गौरवात परिचारिकेचे काम बुडून जाते. हा दोष भावनेचा कमी आणि लेखनाचा जास्त आहे, म्हणून तो या व्यासपीठावर मांडतो.

उदाहरणासाठी लांब जायला नको. इथून वर्धा नदी ओलांडली की वरोरा आणि वरोऱ्याला लागून कुष्ठरोग्यांची वसाहत, आनंदवन. साधनाताई आमटे यांचा जन्म 5 मे 1926 चा, नागपूरच्या घुले घराण्यातला. माहेरचे नाव इंदू. 1946 च्या डिसेंबरात त्यांचा मुरलीधर देवीदास आमटे, म्हणजे बाबा आमटे, यांच्याशी विवाह झाला. 1949 साली महारोगी सेवा समिती स्थापन झाली आणि 1951 मध्ये आनंदवन उभे राहू लागले, तेव्हा विकास आणि प्रकाश ही त्यांची दोन्ही मुले चार वर्षांच्या आतली होती. त्या काळी कुष्ठरोग म्हणजे काय होते, हे आजच्या तरुण वाचकाला सांगावे लागते. हॅन्सनने रोगाचा जंतू 1873 मध्येच शोधला होता, पण समाजाच्या लेखी तो पापाचाच रोग राहिला. रोग्यांना वेगळे डांबण्याचा 1898 चा कायदा 2016 पर्यंत रद्द झाला नाही आणि जोडीदाराला हा रोग झाला म्हणून काडीमोड मागण्याची तरतूद आपल्या विवाहविषयक कायद्यांत 2019 पर्यंत शाबूत होती. अशा रोगाच्या वसाहतीत एक पंचविशीतली आई दोन लहानग्यांना घेऊन राहायला जाते. याला धैर्य म्हणतात, आणि ते आपण म्हटलेही आहे. मला पुढचे विचारायचे आहे. रोजच्या दिवसाचे काय?

कुष्ठरोगाची शुश्रूषा म्हणजे कपाळावरून मायेने हात फिरवणे नव्हे. या रोगात नसा मरतात, पायाला संवेदना उरत नाही, खडा रुतला तरी माणूस चालत राहतो आणि तळव्याला जखम होते. ती चिघळली की बोटे जातात. म्हणून पाय रोज पाहावे लागतात, पाण्यात भिजवावे लागतात, निबर झालेली कातडी काढून तेल लावावे लागते, जखम धुऊन पट्टी बदलावी लागते. काहींच्या पापण्या मिटत नाहीत, त्यांचे डोळे जपावे लागतात. त्या काळात डॅप्सोनच्या गोळ्या वर्षानुवर्षे घ्याव्या लागत. अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने सुचवली ती 1981 मध्ये. याच्या जोडीला स्वयंपाक, गाईगुरे, पोरके होऊन आलेली मुले. यातले कोणते काम कोणाच्या वाट्याला किती आले, याची तपशीलवार नोंद आपल्या गौरवलेखांत सापडत नाही. तिथे सापडते ती सावली, समई, समर्पण. पुढे बाबांचा कणा दुखावला, त्यांना बसणे अशक्य झाले, उभे तरी राहायचे नाहीतर आडवे तरी पडायचे. अशा माणसाची वर्षानुवर्षे देखभाल आली. 1990 मध्ये बाबा नर्मदेकाठी कसरावदला राहायला गेले, तेव्हा साधनाताई चौसष्टीच्या होत्या, आणि त्याही गेल्या. बाबा 9 फेब्रुवारी 2008 रोजी गेले, ताई 9 जुलै 2011 रोजी. पंचाऐंशी वर्षांच्या या आयुष्यातली साठ तरी वर्षे कोणाची ना कोणाची काळजी घेण्यात गेली.

आता पुरस्कारांच्या यादीकडे पाहा. 1971 ची पद्मश्री, 1985 चा मॅगसेसे, 1986 चे पद्मविभूषण, ही सारी एकट्या बाबांच्या नावावर. बाबांच्या मोठेपणाविषयी मला तिळमात्र शंका नाही. पण 2008 चा मॅगसेसे डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे या दोघांना मिळून जाहीर झाला. सासूच्या वेळी जे सुचले नाही ते सुनेच्या वेळी सुचले. मधल्या तेवीस वर्षांत काय बदलले? एक कारण उघड आहे. मंदाकिनीताईंजवळ डॉक्टरकीची पदवी होती, त्यांच्या कामाला जगात मान्य असलेले नाव होते. साधनाताईंच्या कामाला आपल्याकडे एकच नाव होते, आई.

यावर पहिला आक्षेप माझ्या कानावर आधीच येतो आहे: साधनाताई शिकलेल्या नर्स नव्हत्या, त्यांना परिचारिका म्हणणे हा प्रशिक्षित परिचारिकांचा अवमान आहे. आक्षेपात वजन आहे. पण फ्लॉरेन्स नाइटिंगेलने 1859 मध्ये शुश्रूषेवरचे आपले प्रसिद्ध पुस्तक लिहिले, ते मुख्यतः घरात इतरांच्या प्रकृतीची जबाबदारी वाहणाऱ्या बायकांसाठी, व्यवसायाचे पाठ्यपुस्तक म्हणून नव्हे. घरची शुश्रूषाही शिकण्याची, निरीक्षणाची, चुकू शकणारी गोष्ट आहे, हेच ती सांगत होती. आपल्याकडे 1946 च्या भोर समितीने आरोग्यसेवेचा हिशेब मांडला तेव्हा त्रेचाळीस हजार लोकांमागे एक नर्स असे प्रमाण निघाले. मग उरलेल्यांना कोणी सांभाळले? घरातल्या बायकांनी. शिवाय प्रशिक्षित नर्सची अवस्था तरी काय आहे! तिलाही आपण पगारी माऊलीच समजतो. रमाबाई रानडे यांनी 1909 मध्ये पुण्यात सेवासदन काढले आणि बायकांना नर्सिंग शिकवण्याची वाट रुंद केली, तेव्हा परक्या पुरुषाला स्पर्श करण्याचे हे काम चांगल्या घरातल्या बाईने करावे का, अशी कुरकुर होती. आज ती कुरकुर मागे पडली, पण नर्सने पगारवाढ मागितली की सेवाभाव कुठे गेला असे विचारणारे आहेतच. घरच्या शुश्रूषेला काम म्हणायला शिकलो, तर दवाखान्यातल्या शुश्रूषेची किंमतही आपोआप कळेल.

दुसरा आक्षेप अधिक हळवा आहे. प्रेमाने केलेल्या गोष्टीचा हिशेब मांडला की प्रेम आटते, असे म्हणतात. मला हे पटत नाही. हिशेब न मांडल्याने प्रेम वाढल्याचे कुठे दिसत नाही, कष्ट मात्र झाकलेले राहतात. 2019 च्या केंद्र सरकारच्या वेळ-वापर पाहणीत बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटे घालवतात आणि पुरुष 97 असे आढळले. या राजुरात तर हा प्रश्न अगदी दाराशी आहे. कोळशाच्या धुळीने खाणकामगाराचे फुप्फुस निकामी झाले तर भरपाईच्या कायद्याच्या परिशिष्टात त्या रोगाचे नाव आहे. रात्रभर त्याला उशीला टेकवून बसवणाऱ्या बाईचे नाव कोणत्याच परिशिष्टात नाही. तिला भरपाई द्या असे मी म्हणत नाही, तो विषय कामगार संघटनांचा. साहित्याने तिची नोंद तरी घ्यावी.

तिसरा आक्षेप खरा कठीण. साधनाताईंनी स्वतःच मागे राहणे पसंत केले, मग त्यांच्या इच्छेविरुद्ध त्यांना पुढे ओढणारे आपण कोण? याचे उत्तर त्यांनीच देऊन ठेवले आहे. त्यांनी ‘समिधा’ हे आत्मकथन वाचकांच्या हाती दिले. ज्याला केवळ सावलीत राहायचे आहे तो माणूस पुस्तक देत नाही. मराठीतली आईची सर्वात लाडकी कहाणी ‘श्यामची आई’. ती साने गुरुजींनी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली, म्हणजे ती मुलाच्या आठवणीतली आई आहे. मुलाला आईचा हात आठवतो. त्या हाताला दिवसभर काय काय पुरे करावे लागले, हे त्याला दिसतेच असे नाही, आणि त्यात त्याचा दोषही नाही. म्हणून आईने स्वतः लिहिलेले पुस्तक वेगळ्या जातीचे असते. ते वाचताना आपण पान्हा शोधतो आणि दिनक्रम ओलांडून जातो, हा वाचनाचा दोष आहे. सावित्रीबाई फुल्यांचेही तेच झाले. 1897 च्या प्लेगात दत्तक मुलगा डॉ. यशवंत याच्या हडपसरजवळच्या दवाखान्यात त्या रोगी आणत होत्या, त्यांची सेवा करत होत्या, आणि त्याच साथीने 10 मार्चला गेल्या. शिक्षिका म्हणून त्यांच्यावर पुष्कळ लिहिले गेले, ते योग्यच. आई आणि मुलगा मिळून चालवलेल्या त्या शुश्रूषेवर मात्र दोन ओळींपलीकडे कोणी फारसे जात नाही.

म्हणून या संमेलनाकडून माझी एकच मागणी आहे. राजूर, वणी, वरोरा भागात खाणींच्या, सरकारी आणि मिशनच्या दवाखान्यांत उमेदीची वर्षे घालवून घरी बसलेल्या सिस्टर आहेत, उपकेंद्रांतल्या नर्सबाई आहेत, वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेले माणूस सांभाळलेल्या गृहिणी आहेत. इथल्या तरुण लेखकांनी त्यांच्याकडे जावे. पाळ्या कशा असत, किती खाटांमागे एक नर्स असे, औषध नसले तर काय करत, स्वतःचे मूल कोणाकडे ठेवत, हे विचारावे आणि त्यांच्याच बोलीत उतरवून घ्यावे. पुढच्या संमेलनाची स्मरणिका निघेल तेव्हा तिच्यात आईवरच्या कविता थोड्या कमी चालतील. या मुलाखतींना पाने राखून ठेवा.