दिव्यांगांचा खेळण्याचा हक्क : दानापलीकडचे एक कर्तव्य

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



पन्नास वर्षांची वाटचाल पूर्ण होणे हा संस्थेच्या जीवनातील कृतार्थतेचा क्षण असतो, तसाच तो आत्मपरीक्षणाचाही असतो. दिवाळीला वही मिटविताना व्यापारी केवळ नफा पाहत नाही. कोणाचे देणे राहून गेले, हेही तो तपासतो. सेवाकार्याच्या वहीत असेच एक देणे अनेक वर्षे राहून गेले आहे. ते आहे दिव्यांग बांधवांचे, आणि त्यातही दिव्यांग बालकांचे, खेळण्या-बागडण्याचे देणे. आज त्याचाच विचार या सभेपुढे मांडावयाचा आहे.

साहित्यवाटपाच्या शिबिराचे दृश्य आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. मंडप असतो, हारतुरे असतात. नऊ-दहा वर्षांच्या एखाद्या मुलाला कॅलिपर किंवा चाकाची खुर्ची मिळते. छायाचित्र निघते, टाळ्या होतात. कार्यक्रम आटोपल्यावर त्याच प्रांगणात इतर मुलांचा क्रिकेटचा डाव रंगतो. तो मुलगा मात्र भिंतीकडेला बसलेला असतो. कोणी फारच कनवाळू निघाला, तर त्याच्या हाती धावा लिहिण्याची वही दिली जाते. त्याला साधन मिळाले, सहानुभूती मिळाली. डाव मात्र मिळाला नाही. दात्याच्या मनात कोणताही दोष नसतो, आणि तरीही त्या बालकाच्या वाट्याला आलेले दुःख खरे असते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, हे प्रथम मान्य केले पाहिजे.

जैन समाजाने या क्षेत्रात केलेले कार्य अभिमानास्पद आहे. भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवाच्या वर्षात, १९७५ मध्ये, जयपूर येथे श्री. डी. आर. मेहता यांच्या पुढाकाराने भगवान महावीर विकलांग सहायता समितीची स्थापना झाली. स्वतः मेहता यांनी १९६९ मध्ये भीषण मोटार अपघात अनुभवला होता. या समितीने ‘जयपूर पाय’ गोरगरिबांपर्यंत विनामूल्य पोहोचविला. त्या पायाची जन्मकथा आजच्या विषयाच्या दृष्टीने मोठी बोधप्रद आहे. त्यापूर्वीचे पाश्चात्त्य बनावटीचे कृत्रिम पाय बूट घालूनच वापरावे लागत. खुर्चीवर बसणाऱ्या समाजासाठी ते घडविलेले होते. आपल्याकडील माणूस उकिडवा बसतो, मांडी घालून जेवतो, चिखलात अनवाणी उतरतो आणि मंदिरात पादत्राणे काढून जातो. असे पाय मिळालेले अनेक जण ते कोपऱ्यात ठेवून देत आणि पुन्हा कुबडी घेत. शल्यविशारद डॉ. पी. के. सेठी आणि कुशल कारागीर रामचंद्र शर्मा यांनी १९६८ च्या सुमारास रबर आणि लाकूड यांच्या साहाय्याने येथील जीवनाला साजेसा पाय घडविला. माणसाने पायाच्या सोयीने जगावे असे न म्हणता, त्यांनी पायालाच माणसाच्या जगण्याप्रमाणे वाकविले.

कापड अंगाच्या मापाने बेतले जाते. कापडाच्या मापाने कोणी अंग छाटीत नाही. शिंप्याच्या दुकानातील हे साधे शहाणपण मैदानावर मात्र आपण विसरतो. तेथे खेळ ठरलेला, नियम ठरलेले. त्यात जो बसेल त्याने खेळावे, न बसेल त्याने पाहावे, असा आपला व्यवहार असतो.

खेळही मापाने बेतता येतो, याचा सर्वांत बोलका दाखला म्हणजे अंधांचे क्रिकेट. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे १९२२ मध्ये एका कारखान्यातील दोन अंध कामगारांनी पत्र्याच्या डब्यात खडे भरून हा खेळ सुरू केला, असा त्याचा इतिहास सांगितला जातो. आज या खेळातील चेंडू प्लॅस्टिकचा असून त्यात लोखंडी छर्रे असतात. तो खुळखुळतो आणि फलंदाज त्याचा आवाज ऐकून फटका मारतो. गोलंदाज हात खाली ठेवून चेंडू घरंगळत टाकतो, आणि टाकण्यापूर्वी फलंदाज सज्ज आहे ना, हे मोठ्याने विचारून घेतो. अकरा खेळाडूंमध्ये किमान चार पूर्णतः अंध असावे लागतात, आणि त्यांनी काढलेल्या धावा दुप्पट मोजल्या जातात. चुरस, डावपेच, जय-पराजय सारे काही तेथे आहे; बदलले आहे ते फक्त माप. अंधांच्या क्रिकेटची पहिली विश्वचषक स्पर्धा १९९८ मध्ये आपल्याच देशात, नवी दिल्ली येथे झाली. अंध महिलांची पहिली टी-ट्वेंटी विश्वचषक स्पर्धा नोव्हेंबर २०२५ मध्ये भारतीय मुलींनी जिंकली.

बुद्धिबळाचेही तसेच आहे. अंध खेळाडूंच्या पटावर काळी घरे किंचित उंच असतात, प्रत्येक घराला छिद्र असते, सोंगटीला खाली खुंटी असते, आणि काळ्या सोंगट्यांच्या डोक्यावर ओळखीसाठी बारीक टोक असते. बोटे पट वाचतात. असा पट एखादा सुतार सहज बनवू शकेल. त्यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. गरज आहे ती एवढ्याच विचाराची की, हे मूल खेळणार आहे.

आता एक आक्षेप नेहमी घेतला जातो. शिक्षण नाही, रोजगार नाही, औषधोपचार नाहीत, अशा स्थितीत खेळाची चैन कशाला? आधी पोटापाण्याचे पाहू, खेळाचे नंतर. हा आक्षेप सद्हेतूने घेतला जातो. म्हणूनच त्याचे उत्तर शांतपणे दिले पाहिजे.

पहिले उत्तर इतिहासाचे आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथील रुग्णालयात मणक्याला इजा झालेल्या सैनिकांसाठी एक विभाग १९४४ मध्ये सुरू झाला. त्याचे प्रमुख डॉ. लुडविग गुटमन हे हिटलरच्या जर्मनीतून १९३९ मध्ये आश्रयास आलेले ज्यू डॉक्टर होते. अशा रुग्णांनी अंथरुणावर पडून दिवस मोजावेत, अशी तेव्हाची समजूत होती. एके दिवशी काही रुग्ण चाकाच्या खुर्च्यांत बसून, हातातील काठ्या उलट्या धरून आपसात खेळताना गुटमन यांना दिसले. त्यातून त्यांना दिशा सापडली. लंडन ऑलिम्पिकचे उद्घाटन झाले त्याच दिवशी, २९ जुलै १९४८ रोजी, सोळा जखमी स्त्री-पुरुष सैनिकांची धनुर्विद्येची स्पर्धा त्यांनी रुग्णालयाच्या आवारात भरविली. आजच्या पॅरालिम्पिकचे हे बीज होय. औषधाने जे साधले नव्हते, ते खेळाने साधले; जगण्याची इच्छा परत आली.

दुसरे उत्तर आपल्या मातीतले आहे. सांगली जिल्ह्यातील पेठ या गावचे श्री. मुरलीकांत पेटकर यांना बालपणी कुस्तीचा नाद होता. सैन्यात गेल्यावर ते मुष्टियोद्धा म्हणून नावारूपास आले. १९६५ च्या भारत-पाक युद्धात त्यांना गोळ्या लागल्या, त्यांतील एक पाठीच्या कण्यात रुतली, आणि कमरेखालचे शरीर निकामी झाले. उपचाराचा भाग म्हणून ते पाण्यात उतरले. पाण्यात पायांची उणीव उरली नाही. १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्याची शर्यत ३७.३३ सेकंदांत जिंकून त्यांनी विश्वविक्रम केला आणि भारताला पॅरालिम्पिकमधील पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. त्यांच्यासारख्या दिव्यांग खेळाडूंच्या पाठीशी त्या काळी उभे राहिलेल्यांत विख्यात क्रिकेटपटू विजय मर्चंट हे होते. ते कापडगिरणी चालविणाऱ्या घराण्यातील होते, हे आपल्या व्यापारी समाजाने आवर्जून ध्यानात ठेवावे. मात्र देशाने पेटकरांना पद्मश्री दिली ती २०१८ मध्ये, म्हणजे ४६ वर्षांनी. जीवनगौरव म्हणून अर्जुन पुरस्कार मिळाला तो जानेवारी २०२५ मध्ये. एवढा मोठा पराक्रमही समाजाच्या दृष्टीआड राहू शकतो. मग भिंतीकडेला बसलेल्या मुलाची इच्छा कोणाला दिसणार?

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये भारताने ७ सुवर्णांसह २९ पदके मिळविली. त्यांत सांगली जिल्ह्याचेच सुपुत्र सचिन खिलारी यांचे गोळाफेकीतील रौप्यपदक होते. या यशाने ऊर भरून येतो. परंतु खेळण्याचा हक्क हे पदकाचे बक्षीस नाही. गल्लीत बॅट घेऊन उतरणाऱ्या कोणत्याही मुलाला, तू पुढे तेंडुलकर होणार आहेस काय, असे विचारले जात नाही. तो वाईट खेळतो, आऊट होतो, भांडतो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खेळायला येतो. दिव्यांग मुलालाही वाईट खेळण्याचा तेवढाच अधिकार आहे. त्याने प्रत्येक वेळी इतरांना प्रेरणाच दिली पाहिजे, ही अपेक्षादेखील एक ओझेच आहे.

तिसरे उत्तर काळाचे आहे. शिक्षण थोडे उशिरा घेता येते, रोजगार उशिरा लाभू शकतो. बालपण उशिरा देता येत नाही. आठव्या वर्षी जो झोका घ्यावयाचा असतो, तो अठ्ठाविसाव्या वर्षी घेऊन ते देणे फिटत नाही.

म्हणूनच कायद्याने या विषयाला दयेच्या कक्षेतून बाहेर काढले आहे. संयुक्त राष्ट्रसंघाने १३ डिसेंबर २००६ रोजी दिव्यांगांच्या हक्कांचा करार स्वीकारला, आणि १ ऑक्टोबर २००७ रोजी भारताने त्यास मान्यता दिली. त्याच्या ३० व्या कलमात सांस्कृतिक जीवन, मनोरंजन, विरंगुळा आणि क्रीडा यांतील सहभागाचा हक्क असून, दिव्यांग मुलांना इतर मुलांच्या बरोबरीने खेळता यावे, असे स्पष्ट म्हटले आहे. आपल्या संसदेने २०१६ मध्ये दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम संमत केला. त्याचे २९ वे कलम संस्कृती व मनोरंजनाविषयी, तर ३० वे कलम क्रीडेविषयी आहे. शासनाच्या अनुदानावर वा मान्यतेवर चालणाऱ्या शाळांनी दिव्यांग मुलांना शिक्षणाबरोबरच क्रीडा व मनोरंजनाची समान संधी द्यावी, असे १६ वे कलम सांगते. २०११ च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लाख, आणि एकट्या महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक दिव्यांग होते. हा समूह लहान नाही. तो मैदानावर दिसत नाही, याचे कारण मैदानाच्या पायऱ्यांत आहे.

आपल्या परंपरेत आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान असे चार प्रकारचे दान सांगितले आहे. पहिल्या तिन्हींत आपल्या संस्थांनी हात आखडता घेतलेला नाही. खेळाचा संबंध येतो तो चौथ्याशी. दिव्यांग मुलाच्या आईवडिलांना भय असते की, ते पडेल, त्याला लागेल, मुले हसतील. या भयापोटी त्याला घरात जपले जाते. त्याला घरात ठेवून घरच्यांचे भय तेवढे शमते. मुलाच्या मनातील मैदानाचे भय तसेच राहते. ज्या अंगणात पडले तरी फारसे लागत नाही, आणि पडल्यावर हसण्याऐवजी हात पुढे होतो, ते अंगण निर्माण करणे हे अभयदान होय.

यासाठी फार मोठे काही करावे लागत नाही. प्रांगणात पायऱ्यांशेजारी उतार बांधावा. तो एक फूट उंचीस बारा फूट लांब असावा, म्हणजे खुर्ची दुसऱ्याच्या हाताविना वर जाईल. बागेतील वाटेवर खडी न पसरता ती घट्ट व सपाट करावी. झोपाळ्यांपैकी एकाला पाठ आणि पट्टा असावा. वाचनालयात अंधांसाठी बुद्धिबळाचा एक पट आणि खुळखुळणारा एक चेंडू असावा. महावीर जयंतीच्या क्रीडास्पर्धांत आणि पर्युषणातील सायंकालीन कार्यक्रमांत दिव्यांग मुलांचे नाव सत्काराच्या यादीऐवजी स्पर्धकांच्या यादीत असावे. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी नियम थोडे सोपे आणि वेळ थोडा अधिक ठेवावा. कर्णबधिर मुलांसाठी शिट्टीच्या जोडीला झेंडा हलवावा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हे सर्व ठरविताना दिव्यांग व्यक्तींना समितीवर घ्यावे. माप घेतल्याविना बेतलेला सदरा कितीही भारी कापडाचा असला, तरी तो अंगाला होत नाही.

सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने अनेक संकल्प सोडले जातील. इमारतीवर मजला चढेल, सभागृहास नवे छत मिळेल. त्या अंदाजपत्रकात एक ओळ या अंगणासाठी असावी, एवढीच या सभेस नम्र विनंती आहे. पुढील शिबिरात ज्या मुलाला खुर्ची मिळेल, त्याला छायाचित्रानंतर कोणीतरी विचारावे, “कोणत्या बाजूने खेळणार?” धावा लिहिण्याची वही त्या दिवशी एखाद्या विश्वस्तांनी हाती घ्यावी.

जय जिनेंद्र.